मानेतील सरकलेली चकती आणि तिची मज्जातंतुविषयक लक्षणे

गाझियाबादसारख्या वेगाने वाढणाऱ्या शहरात, डोक्यावर चुंबळ ठेवून विटांची किंवा वाळूची घमेली वाहणारे स्त्री-पुरुष बांधकामांवर नेहमी दिसतात. अशा मजुराच्या हाताला मुंग्या येऊ लागल्या, तर तो हातालाच दोष देतो आणि त्याला तेल चोळतो. पाय जड झाले, तर तो थकवा समजतो. परंतु दोन्ही तक्रारींचे मूळ मानेत असू शकते. मान फारशी दुखत नसतानाही तिच्यातील मज्जारज्जू दाबला जात असतो, आणि हेच या विकाराचे फसवे रूप होय.

मानेत सात मणके असतात. पहिल्या दोहोंमध्ये चकती नसते; त्यांखालच्या प्रत्येक दोन मणक्यांमध्ये मात्र ती असते. चकतीचे बाहेरचे कडे चिवट तंतूंचे आणि आतला गाभा मऊ व पाणीदार असतो. वयोमानाने गाभ्यातील पाणी घटते, कड्याला चिरा पडतात आणि एखाद्या वेळी गाभ्याचा काही भाग मागे बाहेर येतो. यालाच व्यवहारात 'चकती सरकणे' म्हणतात. वस्तुतः चकती जागची हलत नाही, ती फुटते. मागे मज्जारज्जूची पोकळी असते. प्रौढ माणसात ती समोरून मागे सुमारे 17 मिलिमीटर असते. ज्यांची पोकळी मुळातच 13 मिलिमीटरहून अरुंद असते, त्यांना चकतीचा लहानसा फुगवटाही बाधू शकतो.

बाहेर आलेला भाग एका बाजूस झुकला, तर तो तेथून निघणाऱ्या मज्जातंतूच्या मुळावर दाब देतो. मानेतून अशा मुळांच्या आठ जोड्या निघतात व प्रत्येकीचे क्षेत्र ठरलेले असते. पाचव्या व सहाव्या मणक्यांमधील चकतीने सहावे मूळ दुखावले, तर कळ अंगठ्याकडे व तर्जनीकडे जाते आणि मनगट वर उचलण्याची शक्ती कमी होते. त्याखालच्या चकतीने सातवे मूळ दाबले, तर मधले बोट बधिर होते व कोपर सरळ करताना बळ अपुरे पडते. आठव्या मुळावर दाब आल्यास करंगळी बधिर होते आणि मूठ सैल पडते. दुखऱ्या बाजूस मान कलवून मागे नेली असता कळ वाढते. तोच हात डोक्यावर ठेवला, तर पुष्कळांना आराम वाटतो.

दाब मध्यभागी, खुद्द मज्जारज्जूवर आला, तर लक्षणे निराळी होतात. सदऱ्याची गुंडी लावता येत नाही, अक्षर बिघडते, नाणी बोटांतून सुटतात. पाय ताठरतात, चालताना तोल जातो, चप्पल नकळत पायातून निसटते. लघवीची घाई होऊ लागते किंवा ती अडते. मान पुढे वाकवताच पाठीतून विजेचा झटका गेल्यासारखे वाटते. लेर्मित या फ्रेंच वैद्याच्या नावाने हे लक्षण ओळखले जाते, मात्र ते इतर विकारांतही आढळते.

हे ज्ञान फार जुने नाही. शस्त्रक्रियेत सापडणारे असे तुकडे पूर्वी कूर्चेच्या गाठी समजले जात. 1934 साली बॉस्टन येथील मिक्स्टर आणि बार यांनी ते फुटलेल्या चकतीचे असल्याचे दाखवून दिले. 1952 साली इंग्लंडमध्ये रसेल ब्रेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानेच्या मणक्यांच्या झिजेतून उद्भवणाऱ्या मज्जातंतुविषयक लक्षणांचे सविस्तर वर्णन केले. 1958 साली स्मिथ व रॉबिन्सन यांनी, आणि स्वतंत्रपणे क्लोवर्ड यांनी, गळ्याच्या पुढच्या बाजूने चकती काढण्याच्या पद्धती प्रसिद्ध केल्या. त्यांचा आजही अवलंब होतो.

आता एम. आर. आय. तपासणीत चकती व मज्जारज्जू स्पष्ट दिसतात. तथापि काहीही त्रास नसलेल्या पुष्कळ माणसांच्या चित्रातही फुगवटा आढळतो. म्हणून केवळ चित्रावरून निदान करणे योग्य नव्हे. वैद्याने स्नायूंचे बळ, स्पर्शज्ञान व प्रतिक्षिप्त क्रिया तपासून ते चित्राशी ताडून पाहिले पाहिजे.

मुळावर दाब असलेल्या बहुतेक रुग्णांना औषधे, विश्रांती व योग्य व्यायाम यांनी काही आठवड्यांत वा महिन्यांत उतार पडतो. बाहेर आलेला तुकडा पुष्कळदा आपोआप आक्रसतो. मज्जारज्जूची गोष्ट वेगळी. तेथे गेलेली शक्ती पूर्णपणे परत येईलच असे नाही. शस्त्रक्रियेचा मुख्य हेतू पुढील हानी थांबवणे हा असतो आणि त्यामुळे विलंब महाग पडतो. मालीशवाल्याकडून किंवा न्हाव्याकडून झटका देऊन मान मोडून घेणे अशा वेळी घातक ठरू शकते.

ज्यांनी कधी ओझे उचलले नाही, त्यांनाही हा विकार होतो. परंतु डोक्यावर भार वाहणाऱ्यांच्या मानेच्या मणक्यांत झीज अधिक आढळते, असे काही देशांतील पाहण्यांत दिसून आले आहे. महाराष्ट्रात तर या श्रमिकांना माथ्यावरूनच 'माथाडी' हे नाव मिळाले आणि 1969 साली त्यांच्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. गाझियाबादच्या बांधकामावरील मजूर असो की मुंबईच्या बाजारातील माथाडी, हाताच्या मुंग्यांबरोबर चालही बिघडली असेल, तर त्याने मजुरी बुडेल म्हणून थांबू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. कारण बुडालेली मजुरी पुन्हा मिळवता येते, पायांतील गेलेले बळ मात्र परत येईलच असे नाही.