लखनौच्या तव्यावरचा आरेपा

२०२५ च्या ऑक्टोबरअखेर युनेस्कोने लखनौचा समावेश पाककलेच्या सर्जनशील नगरांत केला, तेव्हा कबाब, निहारी आणि शीरमाल यांची वाहवा झाली, आणि ती रास्तच होती. या मालिकेतील पहिले नगर कोणते, याकडे मात्र सहसा लक्ष जात नाही. तो मान दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशाच्या पोपायान या शहराला २००५ सालीच मिळालेला आहे. तेथे नबाब नव्हते की त्यांचे बावर्चीखाने नव्हते. अँडीज पर्वताच्या कुशीतील या गावाच्या घरगुती रांधपाचा मोठा भार मका, बटाटा आणि भुईमूग या तीन साध्या जिनसांवर आहे. या तिन्ही जिनसा मूळच्या अमेरिका खंडातल्या. आज लखनौच्या कोणत्याही बाजारात त्या मिळतात. तेव्हा पोपायानचे जेवण लखनौच्या घरी रांधता येईल काय, हा प्रश्न वाटतो तितका विक्षिप्त नाही.

लखनौला मराठी घरेही नवी नाहीत. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या प्रयत्नांतून १९२६ साली तेथे संगीत महाविद्यालय उभे राहिले, आणि त्यानिमित्ताने मराठी माणसे गोमतीकाठी राहून गेली. अशा घरातील गृहिणीला कोलंबियाचा स्वयंपाक कसलेल्या लखनवी बावर्च्याहूनही सोपा जावा, हे वरवर पाहता चमत्कारिक वाटेल. त्याचे कारण उकडीत आहे.

कोलंबियातील रोजची भाकरी म्हणजे आरेपा. ती मक्याची असते, पण उत्तरेकडील मकईच्या रोटीसारखी नव्हे. मक्याच्या पिठाला गव्हासारखा चिवटपणा नसतो. कच्चे पीठ गार पाण्यात कितीही मळले तरी थापताना कडा फाटतात. आरेपासाठी मका आधी शिजवतात आणि मग वाटतात. शिजताना मक्यातील पिष्ट पाणी शोषून फुगते, चिकट होते आणि गोळा धरते. मोदकाची उकड काढताना तांदळाच्या पिठाचे नेमके हेच होते. उकडीला वाफ आल्याखेरीज पारीला मुखऱ्या पडत नाहीत, हे कोकणातल्या मुलीला कोणी रसायनशास्त्रातून शिकवीत नाही.

जुनी रीत कष्टाची होती. मका उखळात कांडायचा, पाखडून फोल काढायचे, रात्रभर भिजवून शिजवायचा, मग वाटायचा. सांतांदेर प्रांतात फोल सुटावे म्हणून राखेच्या पाण्यात मका उकळीत. शेजारच्या व्हेनेझुएलात लुईस काबालेरो मेहियास या अभियंत्याने १९५४ साली आधीच शिजवून वाळवलेल्या मक्याच्या पिठाचे पेटंट घेतले, आणि पुढे कारखान्यांतून असे पीठ निघू लागल्यावर दोन्ही देशांतील असंख्य स्त्रियांच्या हातचे मुसळ सुटले. चव थोडी उणावली असे जुनी मंडळी म्हणतात. मुसळ हाती धरणारीचे मत मात्र निराळे असावे.

लखनौत ते पीठ सहज मिळेलच असे नाही. तेथे मकईचे बारीक पीठ मीठ घातलेल्या उकळत्या पाण्यात वैरावे, झाकण ठेवून दणदणीत वाफ आणावी, आणि परातीत ओल्या हाताने खूप मळावे. बोटभर जाडीची वाटोळी थापून तव्यावर मंद आचेने दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजावी. वर लोणी आणि किसलेले पनीर. हा अस्सल आरेपा नव्हे. पण त्याच घराण्यातला खरा.

पोपायानचे खास भूषण म्हणजे ‘एम्पानादास दे पिपियान’. ही मक्याच्या पारीची तळलेली लहानशी करंजी होय. आतले पिपियान म्हणजे उकडलेला बटाटा, परतलेला कांदा-टोमॅटो आणि भाजलेल्या शेंगदाण्याचे कूट! उपासाच्या बटाट्याच्या भाजीत दाण्याचे कूट घालणाऱ्या घराला हे शिकवावे लागत नाही. फरक रंगात आहे. तिकडे शेंदरीच्या बिया तेलात तापवून रंग काढतात. त्या न मिळाल्यास हळद चालते, मात्र चव किंचित आपल्या बाजूला झुकते. पारीसाठी वरचीच उकड घ्यावी आणि तेल चांगले तापू द्यावे, नाहीतर करंजी फुटते.

गुळाचा प्रश्नच नाही. तेथला ‘पानेला’ म्हणजे उसाचा गूळच, आणि गुळाच्या उत्पादनात भारताच्या खालोखाल कोलंबियाचे नाव घेतले जाते. १९५२ साली स्थापन झालेली ऊस संशोधन संस्था लखनौतच आहे. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे आपण गूळपाणी ठेवतो. अँडीजच्या थंडीत तेच पाणी गरम करून, लिंबू पिळून देतात.

अडते ते ‘आहियाको’पाशी. बोगोटाच्या या कोंबडीच्या रश्शात तीन जातींचे बटाटे पडतात. एक विरघळून रस दाट करतो, बाकीचे कमीअधिक आकार धरून राहतात. लखनौत जुना पिठूळ बटाटा आणि हिवाळ्यातला नवा बटाटा मिळून हे काम भागवतात, मक्याचे कणीसही तोडून टाकता येते. पण त्याचा खरा वास ‘ग्वास्कास’ या पाल्याचा. ही वनस्पती भारताच्या डोंगराळ भागांतील शेतांत तण म्हणून उगवते आणि उपटून बांधावर फेकली जाते. जाणत्याने ओळख पटवून दिल्याखेरीज कोणतेही तण पातेल्यात टाकू नये, हे उघडच आहे. तिच्याऐवजी कोथिंबीर घातली तरी रस्सा रुचकर होतो. त्याला आहियाको म्हणू नये, इतकेच.