लुक्लाचे विमान, मागे राहिलेली सॅक आणि पाच गैरसमज

एव्हरेस्ट बेस कॅम्पला जायचे ठरले की आपल्याकडची मंडळी महिनोन्‌महिने सिंहगड चढतात, सोसायटीचे जिने पालथे घालतात. दमसासाची तयारी होते, वेळापत्रकाची राहून जाते. मग मुंबई-काठमांडू-लुक्ला या प्रवासात (लुक्लापासून चालायला सुरुवात होते) कुठेतरी विमान रखडते किंवा सामान मागे राहते, आणि ऐकीव माहितीवर निर्णय घेतले जातात.

गैरसमज १ : काठमांडूत लख्ख ऊन आहे, म्हणजे विमान कंपनीच्या ढिलाईमुळेच सुटत नाही.

वस्तुस्थिती : ऊन लुक्लात पडलेले असावे लागते. तिथली धावपट्टी जेमतेम ५२७ मीटर लांब आणि सुमारे १२ टक्के चढाची आहे. एका टोकाला दरी, दुसऱ्या टोकाला डोंगर. उतरताना अगदी शेवटी बेत बदलून पुन्हा वर उडण्याची सोय नाही. इथे यंत्रांच्या भरवशावर विमान उतरवता येत नाही, वैमानिकाला पट्टी डोळ्यांनी दिसावी लागते. दुपारकडे वारा आणि ढग वाढतात, त्यामुळे बहुतेक उड्डाणे सकाळीच होतात. सकाळ हुकली की बहुधा दिवस हुकतो आणि रांग दुसऱ्या दिवसावर ढकलली जाते. जादा पैसे मोजून हेलिकॉप्टर घेतले, तरी दाट ढगांत तेही जमिनीवरच थांबते.

आणखी एक खाचखळगा : गर्दीच्या हंगामात लुक्लाची बरीच विमाने काठमांडूऐवजी रामेछाप जिल्ह्यातल्या मंथलीहून सुटतात. तिथवर चार-पाच तासांचा रस्ता आहे, म्हणजे मध्यरात्रीनंतर लगेच निघावे लागते. तिकिटावरचे विमानतळाचे नाव घरूनच वाचून घ्या.

गैरसमज २ : दोन दिवस बुडाले तरी वर पोचल्यावर जास्त चालून भरून काढता येतात.

वस्तुस्थिती : सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक जादा मुक्काम करावा, असा वैद्यकीय सल्ला आहे. नामचे (३,४४० मीटर) आणि दिंगबोचे (४,४१० मीटर) इथल्या दोन-दोन रात्री त्यासाठीच असतात. कार्यक्रमपत्रिकेत ‘विश्रांती’ लिहिलेले असते, म्हणून वेळ कमी पडला की पहिली कात्री तिथेच लागते. विरळ हवेची सवय शरीर आपल्या गतीनेच करून घेते. मॅरेथॉन धावणाऱ्यालाही त्यात सवलत नाही. दिवस कापायचेच असतील तर उतरतानाचे कापा, काला पत्थरची चढाई सोडा, किंवा वाटेतल्या तेंगबोचेपर्यंत जाऊन परत फिरा.

गैरसमज ३ : पट्ट्यावर बॅग आली नाही, म्हणजे ती गेलीच.

वस्तुस्थिती : बहुतेक बॅगा मागे राहिलेल्या असतात आणि पुढच्या एखाद्या विमानाने येतात. कारणे साधी असतात : दोन विमानांमधला वेळ अपुरा, किंवा बॅगेतली पॉवरबँक वा लायटर तपासणीत सापडल्याने बॅग अडवलेली. विमानतळाबाहेर पडण्याआधी सामान विभागाच्या खिडकीवर लेखी तक्रार नोंदवा, तिची प्रत घ्या आणि बॅगेच्या टॅगची पावती जपून ठेवा. ट्रेकरचा पत्ता रोज बदलतो, म्हणून काठमांडूतले हॉटेल आणि ट्रेकिंग एजन्सीचा फोन दोन्ही लिहून द्या. बॅग उशिरा आली तरी एजन्सी ती पुढच्या विमानाने लुक्लाला आणि तिथून पोर्टरबरोबर वर धाडू शकते.

गैरसमज ४ : हरवलेल्या सामानाची पूर्ण किंमत मिळतेच.

वस्तुस्थिती : आंतरराष्ट्रीय प्रवासात १९९९ चा माँट्रियल करार लागू होतो, भारत आणि नेपाळ दोघेही त्यात आहेत. डिसेंबर २०२४ पासून भरपाईची कमाल मर्यादा प्रतिप्रवासी १,५१९ ‘विशेष आहरण हक्क’ (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) आहे, म्हणजे पावणेदोन लाख रुपयांच्या आसपास. ही कमाल मर्यादा आहे. मिळते ते नुकसान सिद्ध करता आले तेवढेच. म्हणून जॅकेटपासून स्लीपिंग बॅगपर्यंत सगळ्याची बिले फोनमध्ये ठेवा. बॅग २१ दिवसांत आली नाही तर हरवल्याचा दावा करता येतो. फाटून-तुटून आली तर हातात आल्यापासून सात दिवसांत आणि उशिरा आली तर २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. ट्रेकहून परतल्यावर बघू, असे म्हणणाऱ्याचे सात दिवस डोंगरातच संपतात.

गैरसमज ५ : काठमांडूच्या थामेल बाजारात सगळे मिळते, काळजी कशाला?

वस्तुस्थिती : डाउन जॅकेट, स्लीपिंग बॅग, काठ्या भाड्याने सहज मिळतात. तुमच्या पायाला सरावलेले शूज मात्र कुठल्याच दुकानात मिळत नाहीत, आणि नव्या शूजचे फोड तिसऱ्या दिवशी चालणे बंद पाडतात. म्हणून शूज पायातच घालून विमानात बसा. रोजची औषधे, चष्मा, कागदपत्रे, एक गरम थर आणि पॉवरबँक हातातल्या सॅकमध्ये. काठ्या आणि चाकू मोठ्या बॅगेत. गॅसचा डबा दोन्हीकडे चालत नाही, तो काठमांडूतच घ्या. लुक्लाच्या विमानात एकूण साधारण १५ किलोच सामान नेता येते, तेव्हा घरीच वजन करा.

या सगळ्यावर उपाय एकच आणि तो तिकीट काढतानाच करायचा असतो : लुक्लाच्या आधी एक आणि लुक्लाहून परतल्यावर किमान एक दिवस मोकळा ठेवा. लुक्लाहून निघायच्या दिवशीचेच मुंबईचे तिकीट कितीही स्वस्त दिसले तरी घेऊ नका. तेवढी रजा मिळत नसेल, तर ट्रेकच छोटा निवडा.