डिस्कवर चित्र का फुटते?

इंटरनेटवरून उतरवलेली एमपीफोर फाइल तशीच डिस्कवर टाकली, तर जुना डीव्हीडी प्लेअर बहुधा ती ओळखत नाही. त्याला एमपेग-२ स्वरूपातली फाइल लागते, आणि आपल्याकडच्या पॅल या टीव्ही पद्धतीत ७२० बाय ५७६ बिंदूंची चौकट. ‘डीव्हीडीस्टाइलर’ हे मोफत सॉफ्टवेअर एवढे रूपांतर करून देते.

खरी मेख बिटरेटमध्ये, म्हणजे दर सेकंदाच्या चित्राला किती माहिती मिळते त्यात आहे. साध्या डिस्कवर ४.७ जीबी मावतात. म्हणजे तासाभराच्या चित्रणाला सेकंदाला ८ मेगाबिट सहज देता येतात, दोन तासांना जेमतेम ५. चार तास कोंबले की वरातीत नाचणाऱ्यांचे चेहरे चौकोनी ठिपके होतात. लग्नाच्या चित्रणाला तरी दोन डिस्क घ्याच! आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आकसलेली प्रत वापरू नका, मूळ फाइल मागवा; गेलेला तपशील रूपांतराने परत येत नाही.