पिलू द्या, धान्य न्या

महागावकर शेतकरी बंधूंनो, रात्रभर जागलीला बसून रोही-रानडुकरं हाकलणाऱ्याला ‘वन्यप्राणी वाचवा’ म्हटलं, तर तो काय उत्तर देईल हे तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या उमरखेड तालुक्यात पैनगंगा अभयारण्य आहे, तिथंही हेच. म्हणून हेमलकशाची हकिकत सांगतो.

गडचिरोली जिल्ह्यात भामरागडजवळ बाबा आमटे यांनी १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तिथं राहिले. आधी दवाखाना, मग १९७६ मध्ये शाळा. माडिया गोंडांची शिकार हौसेची नव्हे, पोटासाठीची. एकदा मारलेल्या माकडिणीला जिवंत पिलू बिलगलेलं डॉक्टरांनी पाहिलं आणि मागून घेतलं. पुढं लोकांना सांगितलं, पिलं मारू नका, आम्हाला आणून द्या. बदल्यात धान्य न्या, कपडे न्या. मग अस्वलं आली, बिबटे आले. प्राण्यांचं अनाथालय असं उभं राहिलं, अन् शेजारीच माडियांची पोरं अ-आ-इ गिरवू लागली. नुसता उपदेश केला असता, तर एकही पिलू आलं नसतं, असं आम्हाला वाटतं.

आपल्याकडं पीकनुकसानीची सरकारी भरपाई आहे. पण अर्ज, पंचनामा अन् खेटे! तोवर बापासोबत जागलीला गेलेलं पोरगं सकाळी वर्गात पेंगत असतं.