जुन्या मोटारीची खरी ओळख

मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमिअर पद्मिनी टॅक्सीने ३० ऑक्टोबर २०२३ रोजी निरोप घेतला. टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे, असा तेथील नियम. आणि शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २००३ सालच्या ऑक्टोबरात झाली होती. ही मोटारच आता इतिहासजमा झाली, असे त्या दिवशी अनेकांना वाटले. वस्तुतः तो नियम टॅक्सीचा होता. घरच्या मोटारीचा नव्हे. सिल्व्हासाहून किलवणी, रांधा, खानवेल अशा गावांकडे जाताना एखाद्या पडवीत किंवा पत्र्याच्या छपराखाली अशी एखादी गाडी अंगावर धूळ घेऊन उभी असलेली दिसावी, यात नवल नाही. वडिलांनी ती हौसेने घेतलेली असते. मुलांना तिचे काय करावे हे कळत नाही. भंगारात द्यावी, तर मन होत नाही. चालवावी, तर धीर होत नाही.

या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भरात देऊ नये, तसेच नुसत्या हिशेबानेही देऊ नये. आधी गाडीची ओळख करून घ्यावी. जुन्या मोटारीत प्रत्येक दांडी, प्रत्येक खुंटी आणि प्रत्येक भोक काही कारणाने ठेवलेले असते. ते कारण समजण्यापूर्वी पाना हाती घेणे, हेच जुन्या गाड्यांच्या नाशाचे मोठे मूळ आहे.

पद्मिनीपुरते बोलायचे, तर तिचा पूर्वेतिहास दुरुस्तीच्या दृष्टीनेही उपयोगी आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमिअर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली आणि तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ साली मोटारी बाहेर पडू लागल्या. प्रथम क्रायस्लर या अमेरिकन कंपनीच्या गाड्या तेथे जुळविल्या जात. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जोडला गेला. गाडीचे भाग येथेच बनविण्याचा कार्यक्रम जी कंपनी आखणार नाही, तिला या देशात स्थान नाही, असे धोरण सरकारने १९५३ साली स्वीकारले. तेव्हा फोर्ड आणि जनरल मोटर्स या कंपन्यांनी गाशा गुंडाळला आणि मोजके कारखाने उरले. फियाट ११०० च्या जुन्या घाटाला लोकांनी ‘डुक्कर फियाट’ असे नाव ठेवले होते. १९६४ साली ‘डिलाइट’ आली. तिचे नाव १९७२ साली ‘प्रेसिडेंट’ आणि १९७४ साली ‘पद्मिनी’ असे झाले. नावे बदलली, परंतु १,०८९ घन सेंटिमीटरचे चार सिलिंडरचे इंजिन आणि अंगाचा सर्वसाधारण बांधा तोच राहिला. सुमारे २००० सालापर्यंत ही गाडी निघत होती.

गाडी बदलत नाही, म्हणून त्या काळी लोक तिला नावे ठेवीत. आज तोच दोष गुण ठरला आहे. एका सालच्या गाडीचे पुष्कळसे भाग दुसऱ्या सालच्या गाडीला बसतात. मुंबईत ऑपेरा हाउस आणि कुर्ला येथील सुट्या भागांच्या बाजारात हिंडणाऱ्याला अजूनही त्याचा लाभ होतो. मात्र भाग मागण्यापूर्वी चेसिसवरचा व इंजिनावरचा क्रमांक उतरून घ्यावा आणि तो नोंदणीपुस्तकाशी ताडून पाहावा. मध्यंतरी कोणी इंजिन बदलले असेल, तर ते येथेच उघडकीस येते. ही झाली ओळखीची पहिली पायरी.

आता गाडीच्या अंगावरच्या, परंतु नव्या पिढीला अपरिचित अशा काही सोयी पाहू. पुढच्या दारांवर मोठ्या काचेपुढे एक लहान त्रिकोणी काच असते. ती शोभेसाठी नाही. ती थोडी तिरपी उघडली, की गाडी धावताना बाहेरचा वारा तिच्या कडेवरून जातो आणि आतली कोंदट हवा बाहेर ओढली जाते. तीच काच पुरती फिरविली, तर बाहेरची हवा थेट अंगावर येते. वैशाखात किलवणीच्या रस्त्याने जाणाऱ्याला या काचेची किंमत कोणी सांगावी लागणार नाही.

दुसरी सोय चोकची. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. चोक ओढला, की कार्बुरेटरच्या तोंडाशी हवेची वाट आखडते आणि मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण वाढते. इंजिन सुरू होते. परंतु इंजिन तापल्यावर चोक आत ढकलायचा राहिला, तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे तेल धुऊन नेते आणि रिंगा झिजतात. ‘गाडी फार पेट्रोल खाते’ ही तक्रार कित्येकदा अर्धवट ओढलेल्या चोकची असते. कार्बुरेटर निष्कारण उघडला जातो.

अनेक जुन्या मोटारींत पुढच्या बाजूस हँडल घालण्याचे भोक असे. बॅटरी उतरली तरी हाताने इंजिन फिरवून गाडी सुरू करता येई. त्यालाही एक शिस्त होती. गाडी न्यूट्रलमध्ये हवी, हातब्रेक ओढलेला हवा, आणि हँडल धरताना अंगठा इतर बोटांच्याच बाजूला हवा. अंगठ्याचा विळखा घातला आणि इंजिनाने उलटा झटका दिला, तर हाड मोडते. हँडल वर ओढावे, खाली दाबू नये, हा जुन्या मिस्त्रींचा दंडक याच अनुभवातून आला. कित्येक जुन्या गाड्यांच्या पहिल्या गिअरलाही अशीच अट असे: गाडी पुरती थांबल्याखेरीज तो घालू नये, नाहीतर दाते खरडतात.

सर्वांत दुर्लक्षित सोय मात्र दारांच्या तळाशी असते. काचेवरून ओघळणारे पावसाचे पाणी दाराच्या पोकळीत उतरते. ते वाहून जावे म्हणून खाली बारीक भोके ठेवलेली असतात. दमणगंगेच्या खोऱ्यात पावसाळ्याचे चार महिने पाणी धो धो कोसळते. भोके चिखलाने बुजली, की पाणी दारातच साठते आणि पत्रा आतून कुजू लागतो. बाहेर रंग चकचकीत दिसतो. एके दिवशी बोट दाबले की ते आत जाते. दर वर्षी मिरगापूर्वी एका साध्या तारेने ही भोके मोकळी केली, तर पुढे पत्र्याच्या कामाचे हजारो रुपये वाचतात. पायाखालचे रबरी मॅटही उचलून पाहावे. वर कोरडे आणि खाली ओले, असे तेथे पुष्कळदा आढळते.

ओळख झाली, की दुरुस्तीकडे वळावे; पण क्रम सोडू नये. पहिला क्रम ब्रेकचा. इंजिन सुरू होण्याचा आनंद मोठा असतो, आणि म्हणूनच बहुतेक जण इंजिनापासून आरंभ करतात. हे चूक आहे. सुरू न होणारी गाडी कोणाला मारीत नाही. सुरू झालेली पण न थांबणारी गाडी मारते. पद्मिनीच्या काळच्या गाड्यांत ब्रेक ऑइलची वाट चारही चाकांना मिळून एकच असे. एका नळीला गळती लागली, तर चारही ब्रेक एकदम जातात. हाती राहतो तो फक्त हातब्रेक. शिवाय ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. अनेक वर्षे उभ्या असलेल्या गाडीत ते पाणावलेले असते, आतले सिलिंडर गंजतात आणि रबरी वायसर फुगतात. म्हणून जुने ऑइल पूर्ण काढावे, रबरी भाग आणि नळ्या नव्या घालाव्यात, आणि मगच गाडी अंगणाबाहेर काढावी. ब्रेकच्या भांड्यात इंजिनाचे तेल चुकूनही घालू नये. त्याने रबर नासते.

इंजिन सुरू होत नसेल, तर त्याला तीनच गोष्टी हव्या असतात हे ध्यानात ठेवावे: योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात पेट्रोल व हवा, आणि सिलिंडरमध्ये पुरेसा दाब. एका वेळी एकच तपासावी. प्लग काढून पाहिला, तर तो पुष्कळ सांगतो. त्याचे टोक विटकरी असेल, तर मिश्रण ठीक; काजळीने काळे असेल, तर पेट्रोल जास्त; पांढुरके असेल, तर पेट्रोल कमी. धूरही असाच बोलका असतो. निळसर धूर तेल जळते असे सांगतो, काळा धूर पेट्रोल वाया जाते असे सांगतो; आणि इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ थांबत नसेल, तर रेडिएटरचे पाणी सिलिंडरात शिरते आहे असे समजावे.

ठिणगीचा उगम डिस्ट्रिब्यूटरमध्ये. त्यात दोन लहान पॉइंट असतात आणि त्यांच्यातली फट अर्ध्या मिलिमीटरहून थोडी कमी असते. ते काळवंडले, की ठिणगी मंदावते. साफ करून फट जुळविली, की ‘मेलेली’ गाडी कित्येकदा जागी होते. पॉइंटच्या पट्टीखाली दोन छोटी वजने दडलेली असतात. इंजिनाचा वेग वाढला, की ती बाहेर झुकतात आणि ठिणगी थोडी आधी पडते. तेलाअभावी ही वजने अडकली, तर गाडी सुरू होते, पण चढावर दम टाकते. मिस्त्री कार्बुरेटर बदलतो, मालक पैसे मोजतो, आणि रोग जागच्या जागी राहतो. तेलाच्या दोन थेंबांचे हे काम असते.

उन्हाळ्यात आणखी एक घोटाळा होतो. पेट्रोलचा पंप इंजिनालाच बसविलेला असल्याने तापतो, नळीत पेट्रोलची वाफ होते आणि प्रवाह तुटतो. अशा वेळी बॉनेट उघडून पंपावर ओले फडके ठेवण्याची आपल्याकडची रीत पूर्णपणे शास्त्रशुद्ध आहे. थोड्या वेळाने वाफेचे पुन्हा पेट्रोल होते आणि गाडी चालू लागते. मात्र तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतू नये. त्याने धातूला तडा जातो.

येथवरच्या गोष्टी जुन्या मिस्त्रींना ठाऊक होत्या. एक गोष्ट मात्र त्यांनाही नवी आहे, ती म्हणजे आजचे पेट्रोल. २००० सालापासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. २०२३ पासून शेकडा २० भाग इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळू लागले आणि ते आता सर्वत्र पसरले आहे. जुन्या मोटारींच्या रबरी नळ्या आणि पंपातला रबरी पडदा इथेनॉलसाठी बनविलेला नव्हता. तो फुगतो, मऊ पडतो, चिरतो. तापलेल्या इंजिनाशेजारी पेट्रोल गळू लागले, तर आग लागण्याचे भय असते. इथेनॉल पाणीही ओढून घेते. त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली, तर टाकीच्या तळाशी पाणी साठून गंज चढतो. टाकीतला जुना मळ सुटून गाळणीत अडकतो, तो वेगळाच. म्हणून इथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या आणि पडदा बसवावा, गाळणी वरचेवर पाहावी, आणि गाडी दीर्घकाळ उभी करायची असेल, तर त्यापूर्वी टाकी व कार्बुरेटर रिकामे करावे. रंगकामाआधी हा खर्च करावा. कारण रंगाने गाडी सुंदर होते, नळ्यांनी ती सुरक्षित होते.

कायद्याचाही विचार हवा. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; त्यानंतर तपासणी करून ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घ्यावी लागते. २०२१ साली केंद्र सरकारने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी निराळे नियम केले आणि त्यांना ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांकमालिका दिली. अशी गाडी मूळ स्वरूपात राखलेली असली पाहिजे, आणि ती प्रदर्शन, शर्यतीचा मेळावा अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. नित्याच्या वापराला नाही. १९७४ च्या पहिल्या पद्मिनी आता या वयाच्या झाल्या आहेत. तेव्हा ज्याने हौसेने मूळ दिवे काढून नवे लावले आणि जुने फेकून दिले, त्याने आपल्याच गाडीची किंमत उतरविली. काढलेला प्रत्येक भाग, मोडका असला तरी, चिठ्ठी लावून पेटीत ठेवावा.

तथापि प्रत्येक गाडी वाचविलीच पाहिजे, असा आग्रहही योग्य नव्हे. या गाड्यांना वेगळी चौकट नसते. अंगाचा पत्रा हाच त्यांचा सांगाडा. तळाचे आडवे पत्रे कुजले असतील, जॅक लावताच गाडी वाकत असेल, तर ती वरून कितीही सुंदर दिसो, माणसे बसविण्यास ती योग्य नाही. तिचे चांगले भाग दुसऱ्या गाडीला द्यावेत आणि उरलेली रीतसर मोडीत काढावी. एका गाडीच्या भागांवर दुसरी गाडी वीस वर्षे चालली, तर पहिलीचे जिणे वाया गेले असे कोण म्हणेल?

याहून निकडीची गोष्ट माणसांची आहे. कानाने इंजिनाचा रोग ओळखणारे मिस्त्री वृद्ध होत आहेत. नव्या गाड्यांचा दोष संगणक सांगतो. त्यामुळे त्यांच्या हाताखाली हे काम शिकणारी मुले थोडी उरली. त्यांचे ज्ञान बहुधा कोणत्याही पुस्तकात नाही. ज्याच्या दारात जुनी मोटार आहे, त्याने एक साधी वही करावी. कोणता भाग केव्हा बदलला, कोणत्या खुणेने रोग ओळखला, कोणती फट किती ठेवली, हे मिस्त्रीला विचारून त्याच्यासमोरच लिहून घ्यावे. घरातल्या शाळकरी मुलाला शेजारी बसवावे आणि पाना त्याच्या हाती द्यावा. गाडी आणखी दहा वर्षे चालेल किंवा न चालेल. पण एखादे यंत्र का थांबले, हे शांतपणे शोधून काढण्याची सवय त्या मुलाला जन्मभर पुरेल.