इंजिनरहित विमान शेतांत उतरतें तेव्हां

उन्हाळ्यांत भर दुपारीं पंख न हालवितां वर वर चढत जाणारी घार आपण सर्वांनींच पाहिली आहे. तापलेल्या जमिनीवरून वर उठणारा हवेचा झोत हाच तिचा आधार. ग्लायडर, म्हणजे इंजिन नसलेलें विमान, याच झोतांत घिरट्या घालून उंची मिळवितें, आणि मग ती उंची खर्च करीत पुढील झोतापर्यंत घसरत जातें. जर्मनींत वासरकुप्पे नांवाच्या डोंगरावर १९२० सालीं ग्लायडरांच्या स्पर्धा सुरू झाल्या. १९२२ सालीं तेथें तास-दोन तास तरंगत राहणें साधलें, व १९२९ सालीं रॉबर्ट क्रोनफेल्ड यानें शंभर किलोमीटरांहून अधिक अंतर तोडलें. अंतर वाढलें तसा एक नवा प्रश्न उभा राहिला: वाटेंत झोत सांपडला नाहीं तर उतरावयाचें कोठें? उत्तर एकच, खालीं जें शेत असेल त्यांत.

असें शेतांत उतरणें म्हणजे अपघात नव्हे, हें प्रथम सांगितलें पाहिजे. लांब पल्ल्याच्या उड्डाणांत तो नित्याचा प्रकार आहे. पुण्याजवळ हडपसर येथें ग्लायडिंगचें शिक्षण देणारें केंद्र निघाल्यापासून हा विषय आपणांसही परका राहिलेला नाहीं. तेव्हां संकट नेमकें कोठें उत्पन्न होतें, हें समजून घेणें बरें.

चांगलें आधुनिक ग्लायडर स्थिर हवेंत एक फूट खालीं येईपर्यंत चाळीस फूट पुढें जातें. म्हणजे ३,००० फुटांवरून तें सुमारें २३ मैल जाईल. पण हवा स्थिर असते कोठें? जेथें एक झोत वर जातो तेथें शेजारची हवा खालीं बसत असते. ताशीं ६० मैल वेगानें जाणारें हें विमान स्वतः सेकंदाला सवादोन फुटांच्या आसपास उतरतें. भोंवतालची हवाच सेकंदाला ६ फूट खालीं जात असली, तर २३ मैलांचे जेमतेम सहा मैल उरतात! घरचें मैदान समोर दिसत असतां वैमानिक फसतो तो या हिशेबांत. ‘आणखी एक झोत मिळेल, मग पोंहोंचूं,’ अशा आशेनें तो शेतें मागें टाकीत जातो, आणि अखेर निवड करण्याची वेळ येते तेव्हां निवडावयास कांहीं उरलेलें नसतें. म्हणून जाणते शिक्षक नियम घालून देतात: २,००० फुटांवर शेतें असलेला प्रदेश गांठावा, १,५०० फुटांच्या आंत एक शेत नक्की करावें, व १,००० फुटांच्या सुमारास त्याभोंवतीं फेरी घेऊन उतरावयास लागावें. त्यानंतर झोत लागला तरी मोह धरूं नये. नियम अगदीं सोपा दिसतो. पण तो मोडला जातो तो अज्ञानामुळें क्वचितच, बहुधा घरीं परतण्याच्या ओढीमुळें.

आतां सर्वांत घातक चूक. जमीन जवळ आली कीं मनुष्य साहजिकच विमानाचें नाक वर ओढतो. त्यास वाटतें, असें केल्यानें विमान लांब जाईल. प्रत्यक्षांत उलट घडतें. वेग मंदावतो, पंख हवेला अधिकाधिक तिरपा भिडूं लागतो, व एका मर्यादेपलीकडे त्यावरील हवेचा प्रवाह सुटून पंखाची उचल एकाएकीं ढांसळते. यास ‘स्टॉल’ म्हणतात. वळण घेतांना तर ही मर्यादा अधिक वेगावरच गांठली जाते. ४५ अंशांच्या कलत्या वळणांत ती जवळजवळ एक पंचमांशानें वाढते. शिवाय जमिनीच्या भयानें वैमानिक पंख पुरता कलवीत नाहीं, व नुसतें सुकाणूं दाबून नाक शेताकडे फिरवूं पाहतो. मग आंतला पंख आधीं निकामी होतो आणि विमान गिरकी घेऊन खालीं येतें. हीच गिरकी ३,००० फुटांवर सहज सांवरतां येते; ३०० फुटांवर सांवरावयास अवकाशच नसतो. ऑटो लिलिएनथाल हा या विद्येचा आद्य पुरुष. १८९६ च्या ऑगस्टांत सुमारें १५ मीटरांवरून तो पडला व दुसऱ्या दिवशीं बर्लिन येथें वारला, तो पंखाची उचल अशी ढांसळल्यामुळेंच. त्यापूर्वीं त्याची शेंकडों उड्डाणें सुखरूप झालीं होतीं.

शेत निवडणें हीहि एक विद्याच. वरून सर्व भूमि सपाट दिसते. ओढा कोठून वाहतो हें पाहून उतार ओळखावा लागतो. उतार बराच असेल तर वारा पाठीशीं घेऊनहि चढावरच उतरावें. एरवीं वारा समोरूनच हवा. ताशीं ४० मैल वेगानें टेंकणारें विमान ८ मैलांच्या समोरील वाऱ्यांत जमिनीवर ३२ मैलांनीं धांवतें, पाठीमागील वाऱ्यांत ४८ मैलांनीं; आणि थांबतांना जिरवावयाची शक्ति वेगाच्या वर्गाप्रमाणें, म्हणजे सव्वादोन पट होते. वाऱ्याची दिशा धुरावरून किंवा वाळत घातलेल्या कपड्यांवरूनहि कळते. विजेच्या तारा वरून दिसतच नाहींत, म्हणून तारा न शोधतां खांब शोधावे. उंच वाढलेलें पीक मोठें फसवें: त्याचे शेंडेच जमीन भासतात, एका पंखाचें टोंक त्यांत अडकतें, आणि सारें विमान गर्रकन् फिरून शेपटीशीं मोडतें. कापणी झालेलें शेत त्याहून पुष्कळ बरें.

मोकळें कुरणहि पाहून घ्यावें लागतें. गाई उतरणाऱ्या विमानापुढें केव्हां आडव्या येतील याचा नेम नाहीं. शिवाय जुन्या ग्लायडरांच्या पंखांवर रोगण दिलेलें कापड ताणलेलें असे, तें चाटण्याची व चघळण्याची गाईंना भारी आवड! म्हणून उतरलेला वैमानिक प्रथम विमानापाशीं राखण ठेवी, मग शेताचें फाटक नीट लावून घेऊन शेतकऱ्याच्या दारीं जाई, झालेल्या नुकसानीची विचारपूस करी, आणि सोबत्यांची मोटार येईपर्यंत तेथेंच बसे. मोटारीमागें एक लांबट गाडी जोडलेली असते. पंख उतरवून विमान तींत ठेवतात व रात्रीं उशिरा रस्त्यानें घरीं नेतात.