वरुणतीर्थात माती किती मावली?

कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतल्या गांधी मैदानावर पावसाळ्यात पाणी तुंबलं, की पेठेतली जुनी माणसं म्हणतात, "तळंच हाय ते!" खरंच आहे. इथं वरुणतीर्थ होतं. ते बुजवून मैदान झालं, तशी कपिलतीर्थावर मंडई आली. मैदानाच्या कडेनं चालताना मला कैक वर्षं एकच प्रश्न पडत आलाय: एवढं तळं भरायला माती किती लागली असेल?

घनफळाचा इतिहास मोठा आहे. माथा छाटलेल्या पिरॅमिडचं घनफळ इजिप्तच्या लेखनिकांना सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वी काढता येत होतं. गोल हा त्याला नेमक्या बसणाऱ्या वृत्तचितीच्या दोन तृतीयांश भरतो, हे आर्किमिडीजनं सिद्ध केलं. पण माझं मन रमतं ते सह्याद्रीच्या कुशीतल्या भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त. ११५० च्या या ग्रंथात 'खातव्यवहार' नावाचं प्रकरणच आहे. खात म्हणजे खणलेला खड्डा.

त्यातलं एक उदाहरण पाहा. विहिरीचं तोंड १२ हात लांब, १० हात रुंद. तळ त्याच्या निम्मा, म्हणजे ६ बाय ५. खोली ७ हात. घनफळ किती? तोंड नि तळ यांच्या क्षेत्रफळांची सरासरी धरली, तर १२० आणि ३० यांची ७५, म्हणून ५२५. लांबी-रुंदीची सरासरी धरली, तर ९ गुणिले साडेसात गुणिले ७, म्हणजे ४७२.५. दोन्ही उत्तरं चूक. पहिलं जास्त, दुसरं कमी. आचार्य सांगतात: तोंडाचं क्षेत्रफळ १२०, तळाचं ३०, आणि लांब्यांची बेरीज गुणिले रुंद्यांची बेरीज, १८ गुणिले १५, २७०. बेरीज ४२०, भागिले ६, गुणिले ७: ४९० घनहात. अगदी अचूक! धरणाच्या नि रस्त्याच्या मातीकामात अभियंते 'प्रिझमॉइडल' सूत्र वापरतात, ते हेच.

गुऱ्हाळावर बादलीसारख्या साच्यातून निघालेला गुळाचा रवा मी पाहतो, तेव्हाही हाच हिशेब आठवतो. खाली-वर वेगळ्या मापाची ती गोल आकृती, दहावीच्या 'महत्त्वमापन' धड्यातला शंकुछेद.

पण तळं काही कुणी फूटपट्टीनं खणत नाही. त्यावरही लीलावतीत उपाय आहे: लांबी, रुंदी, खोली अनेक ठिकाणी मोजा, बेरजेला ठिकाणांच्या संख्येनं भागा आणि ती सरासरी धरा. आज तळ्यातला गाळ मोजतानाही जागोजागची खोली घेतातच.

धान्याच्या राशीचं प्रकरणही सांगितल्यावाचून राहवत नाही. राशीचा परीघ मोजा, त्याच्या सहाव्या भागाचा वर्ग करून उंचीनं गुणा. उंचीही मोजायला नको: जाड्या धान्यात ती परिघाचा दहावा भाग, बारीक धान्यात अकरावा, कुसळाच्या धान्यात नववा. ६० हात परिघाच्या जाड्या धान्याच्या राशीचं घनफळ १०० गुणिले ६, ६००. इथं पाय ३ धरलाय, म्हणून उत्तर सुमारे पाच टक्के जास्त येतं. खळ्यावर तेवढं चालतं. रास भिंतीला टेकलेली असेल, तर परीघ दुप्पट करून घ्या. कोपऱ्यात आतून असेल, तर चौपट. शेवटी उत्तराला तेवढ्यानंच भागा.

चाळीसगावजवळच्या पाटणला मी मुद्दाम जाऊन आलो. आचार्यांचा नातू चांगदेव यानं त्यांचे ग्रंथ शिकवायला तेराव्या शतकाच्या आरंभी तिथं मठ स्थापला. त्याचा शिलालेख भाऊ दाजींनी उजेडात आणला. गणितासाठी मठ काढणारा हा मुलूख!

म्हणूनच मला वाटतं, पेठेतल्या शाळांनी घनफळ फळ्यावरच संपवू नये. मुलांना टेप घेऊन मैदानावर न्यावं, पावसाळ्यात जागोजागचं पाणी मोजून सरासरी काढायला लावावी. हेक्टरभर जागेवर सेंटीमीटरभर पाणी म्हणजे १०० घनमीटर, एक लाख लिटर. हा आकडा स्वतः काढलेलं पोर पुढं कुठलंही तळं बुजवण्याआधी त्याचं पाणी जाणार कुठं, हे नक्की विचारेल.